पदवी आणि पुढारपण

दिल्लीत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाला अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाची जागा ठाऊक असते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे अखेरचा श्वास घेतला आणि २०१८ पासून तेथे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. परंतु त्याआधी चौदा वर्षांपूर्वी, याच नगरीत, त्यांनी सरकारदरबारी एक निवेदन सादर केले होते; त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. आपण सारे टिपणे आणि निवेदने यांतच आयुष्य घालविणारी माणसे. एखादा कागद किती दूरवर पोहोचू शकतो हे पाहण्यासाठी तरी या निवेदनाचा इतिहास आपण जाणून घ्यावयास हवा.

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यवर्गाच्या गाऱ्हाण्यांविषयी सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणासंबंधी जो विचार आहे तो आजही लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. केवळ कला आणि कायदा यांच्या पदव्यांनी या वर्गाचे फारसे हित होणार नाही. विज्ञान आणि तंत्र यांचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. आणि ते इतके खर्चाचे आहे की, सरकारच्या साहाय्यावाचून या मुलांना त्याची आशाही करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अलीगढ आणि बनारस येथील विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग या वर्गासाठी का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. पुढे तीन लाखांची वार्षिक तरतूद झाली, काही विद्यार्थी परदेशी जाऊ शकले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. त्या योजनेच्या आधाराने किती पिढ्यांनी महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडला असेल, याची मोजदाद कोणी करावी!

या मागणीमागे स्वानुभव होता. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तरुण आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्या पायथ्याशी हार्लेम वसलेले आहे आणि त्याच काळात दक्षिणेकडील राज्यांतून येणाऱ्या कृष्णवर्णीयांची तेथे वस्ती वाढत होती. त्या समाजात तेव्हा एक मोठा वाद रंगला होता. बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे हातांना काम शिकविणारी संस्था चालविली होती. आधी उपजीविका, मग हक्क, असा त्यांचा क्रम. ड्यू बॉइस यांना हे मान्य नव्हते. समाजाला वर आणावयाचे तर त्यातील बुद्धिमंतांना उच्चतम शिक्षण देऊन पुढारी घडविले पाहिजेत, असे ते १९०३ पासून सांगत होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली होती आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी ड्यू बॉइस यांनी उत्तरही धाडले. महाराष्ट्राला हे नाते नवे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच!

बाबासाहेबांनी या वादातील एक बाजू उचलून दुसरी टाकून दिली नाही. राहण्या-जेवण्याची सोय झाल्यावाचून शिक्षणाच्या गोष्टी पोकळ ठरतात हे जाणून त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभीच सोलापूरला वसतिगृह काढले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच वाट चोखाळली. परंतु वसतिगृह हा पाया झाला, शिखर नव्हे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळचे असत. कचेरीत किंवा गिरणीत जाणाऱ्या तरुणाला आधी व्याख्यान ऐकून मग कामावर रुजू होता येई. शिवाय तेथे विद्यार्थ्यांची संसद भरे आणि स्वतः बाबासाहेबही तीत बोलून गेले. वादविवाद, नियम आणि संयम यांचे वळण ग्रंथांनी लागत नाही, सरावाने लागते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय निघाले. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती आणि मराठवाड्यात शिक्षणाचे दुर्भिक्ष होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. परिसराचे नाव नागसेनवन, महाविद्यालयाचे मिलिंद. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्षूने निर्भयपणे उत्तरे द्यावीत, या जुन्या संवादाची ती खूण होय. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. पुढे तेथेच अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि दलित साहित्याला त्याचे व्यासपीठ मिळाले. पदवीपुरते शिक्षण देणाऱ्या संस्थेतून असे काही निपजत नसते.

तरीही हा इतिहास निव्वळ यशाचा नाही. १८ मार्च १९५६ रोजी दिल्लीपासून हाकेच्या अंतरावरील आग्र्यास बाबासाहेबांनी एक भाषण केले. शिकलेल्यांनी आपली निराशा केली. ते समाजासाठी काही करतील असे वाटले होते, पण लहानमोठ्या कारकुनांचा जमाव तेवढा सभोवती दिसतो आणि जो तो आपले पोट भरण्यात गुंतलेला आहे, अशा आशयाची व्यथा त्यांनी तेथे बोलून दाखविली. ज्याने हे दार उघडले त्याच्याच तोंडून असे शब्द यावेत, हे त्या निवेदनाच्या इतिहासातील सर्वांत कठोर पान आहे.

त्या जमावातील एक कारकून म्हणूनच हे लिहिताना मला असे वाटते की, या बोलण्याचा रोख नोकरीवर नव्हता. मोक्याच्या जागी आपला माणूस असला पाहिजे, हे तर ते जन्मभर सांगत आले होते. रोख होता तो खुर्ची मिळताच जिना विसरण्यावर. शिष्यवृत्तीचा एखादा अर्ज टेबलावर पडून राहतो तेव्हा कोठेतरी एका मुलाचे सत्र बुडत असते. तो वेळेवर पुढे गेला तर त्याचे शिक्षण अखंड चालते. पुढारपण नेहमी व्यासपीठावरच लागते असे नाही. १९४२ च्या त्या निवेदनाने जे साधले, त्याचा अल्पांश आपल्यापुढील कागदांतूनही साधता येईल. तो साधावा की केवळ सही करून घरी जावे, हे आपल्या पदवीने ठरविलेले नाही. ते आपणच ठरवावयाचे आहे.