वस्त्रगाळ हवा : एका गाळणीची कुळकथा

क्षयाच्या जंतूंचे संवर्धन करणाऱ्या अतिबंदिस्त प्रयोगशाळेत नव्या संशोधकाला जैवसुरक्षेचे जे प्रशिक्षण मिळते, त्याचा गाभा जंतूपेक्षा हवेत आहे. आणि ती हवा ज्या गाळणीतून बाहेर सोडली जाते तिचे कूळ वैद्यकात शोधून सापडत नाही, ते विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणाऱ्या मुखवट्यात सापडते.

जैवसुरक्षेचा प्रचलित इतिहास 1943 साली उभारलेल्या कॅम्प डेट्रिक या अमेरिकी जैविक युद्धकेंद्रापासून सुरू होतो आणि तेथील आर्नॉल्ड वेडम यांना तिचे जनक मानतो. हे श्रेय रास्त असले तरी अपुरे आहे. कारण 1909 सालीच पेनसिल्व्हेनियातील ग्लेनोल्डन येथे मल्फर्ड औषध कंपनीने, ट्यूबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेले चाचणीद्रव्य बनवताना कोणाला लागण होऊ नये म्हणून, हवा खेचून घेणारे कपाट बांधले होते. सुरक्षा कपाटाचा सांगाडा क्षयानेच घडवला, युद्धाने नव्हे. युद्धाने त्याला फुप्फुस दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांच्या हाती लागलेल्या जर्मन मुखवट्यांच्या डब्यांत धूर अडवणारा असाधारण कागद निघाला, ज्यात एस्पार्टो गवताच्या लगद्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. अमेरिकी रासायनिक युद्धदलाने त्या धर्तीवर कागद तयार केला, अणुबॉम्ब प्रकल्पाने तो किरणोत्सर्गी धूळ रोखण्यास वापरला, आणि पुढे काचतंतूंचा होऊन तो ‘हेपा’ या आद्याक्षरी नावाने क्षयाच्या प्रयोगशाळेत आला.

मात्र त्याला ‘गाळणी’ म्हटले की मराठी मनात वस्त्रगाळ चूर्ण उभे राहते: फडक्याच्या छिद्राहून मोठे ते वर राहते, लहान ते खाली पडते. हेपाच्या बाबतीत ही समजूत पूर्ण चुकीची आहे. तो 0.3 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या तीन दहा-हजारांश मापाचे, किमान 99.97 टक्के कण अडवतो, याचा अर्थ त्याहून बारीक कण सुटतात असा नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटून तंतूंना चिकटतात, मोठे कण वळता न आल्याने तंतूंवर आदळतात, आणि निसटण्याची संधी असलीच तर ती मधल्या मापाला. क्षयजंतू वाहणारे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे, म्हणजे आदळणाऱ्यांच्या बाजूचे असतात.

‘गाळणी’सारखा शब्द घर बदलले की कसा चकवतो, याचा आणखी एक दाखला नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या छत्तीसगढच्या रायपुरात मिळतो. तेथील तात्यापारा या वस्तीचे नाव ऐकून नवख्या मराठी माणसाला थर्मामीटरमधला पारा आठवेल, जरा विचार करणारा वडापिंपळाच्या पाराकडे वळेल. पण छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, आणि बंगाली ‘पाडा’ व आपला आदिवासी ‘पाडा’ शेजारी ठेवले की संस्कृत ‘पाटक’ हेच त्याचे मूळ ठरते. तात्या मराठी, पारा छत्तीसगढी, तसेच क्षयाचे कपाट आणि मुखवट्याचा कागद: दोन घराण्यांची ही सोयरीक आहे.

ती टिकवण्याचे काम मात्र माणसाच्या हातांवर येते. कपाटाच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत जाते, तर शेजारून चालणारा माणूस सहज त्याच्या दुप्पट वेगाने जातो आणि हवेचा पडदा फाडतो. म्हणूनच हात सरळ आणि सावकाश आत घालावेत, पुढच्या जाळीवर कागद ठेवू नयेत, सेंट्रिफ्यूज म्हणजे नळ्या गरगर फिरवणारे यंत्र थांबताच नळी उघडू नये, हे नियम घोटून घेतले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या क्षय-प्रयोगशाळा पुस्तिकेने तर धोका कृतीवरून मोजला: थुंकीचा थेट लेप कमी धोक्याचा, वाढवलेल्या जंतूंची हाताळणी सर्वाधिक धोक्याची. शिकाऊ संशोधक कपाटापुढे धुराची कांडी धरतो. धुराची रेघ आत वळली तरच काम सुरू होते, बाहेर भरकटली तर कपाट बंद ठेवले जाते.