मानेच्या नसेचं ऑपरेशन आणि विसराळूपणा : मेंदूच्या स्कॅनमधून काय कळतं?

उंब्रजसारख्या गावात घरातल्या वडीलधाऱ्यांना मानेच्या नसेचं ऑपरेशन सांगितलं की सगळे एकच विचारतात, "लकवा टळेल ना?" दुसरा प्रश्न महिन्याभराने येतो. "अब्बा हल्ली फार विसरतात. किती रकात झाल्या तेही आठवत नाही." या प्रश्नाची तयारी ऑपरेशनआधीच करावी लागते, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी म्हणजे कॅरोटिड. वय, शुगर, बीपी, तंबाखू यांमुळे तिच्यात चरबीचा थर साचतो. डॉक्टर तो कापून काढतात किंवा आत स्टेंट बसवतात. लकव्याचा सौम्य झटका येऊन गेला असेल आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा मोठा फायदा होतो, हे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं.

मग विसर का पडतो? काम चालू असताना थराचे बारीक कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. हातपाय ठीक असतात, पण एमआरआयच्या डिफ्यूजन प्रकारात ताजे पांढरे ठिपके दिसतात. २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्टेंटवाल्यांपैकी ५० टक्के, तर शस्त्रक्रियावाल्यांपैकी १७ टक्के रुग्णांत असे नवे ठिपके आढळले. ठिपका दिसला म्हणजे बुद्धी गेली, असं मात्र नाही. घाबरू नका.

दुसरं कारण याच्या उलट. वर्षानुवर्षं कमी रक्तावर चाललेल्या भागात एकदम जास्त रक्त येतं. जपानच्या इवाते वैद्यकीय विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रक्तप्रवाह दाखवणारा स्पेक्ट स्कॅन ऑपरेशनच्या आधी व नंतर काढला. असा जादा प्रवाह झालेल्यांत बुद्धीच्या चाचण्यांचे गुण घटण्याचा संबंध दिसला. काहींचे गुण वाढलेही. ऑपरेशननंतर डोकं भयंकर दुखलं किंवा फिट आली, तर तासभरही थांबू नका.

उंब्रजकर एमआरआयसाठी कराड किंवा सातारा गाठतात. जाताना जुनी फिल्म आणि सीडी बरोबर न्या, कारण आधीचा स्कॅन नसेल तर ठिपका नवा की जुना हे ठरवणं अवघड जातं. स्मरणशक्तीची साधी तोंडी चाचणीही ऑपरेशनआधी करून मागा, आणि तीच काही महिन्यांनी पुन्हा. पहिल्या दोन-चार दिवसांतला गोंधळ भुलीचाही असू शकतो. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी सांगा.