नोंदवहीतले नाव

कामगारांचा इतिहास आपण संपांच्या तारखांनी सांगतो. नोंदवहीच्या पानांवरून तो क्वचितच वाचतो. आजारपणातला हक्क मात्र त्या पानांवरच उभा राहिला, असे आम्हांस वाटते.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४ साली अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

या कायद्याने नावनोंदणीचा भार मालकावर टाकला. दोघांचीही वर्गणी आधी त्याने भरायची. कामगाराचा वाटा मजुरीतून कापता येई, स्वतःचा नाही. कंत्राटदाराने आणलेल्या माणसाची जबाबदारीही मुख्य मालकाचीच. औषधपाणी ही धन्याची दया न राहता हिशेबातले देणे झाले, हे या कायद्याचे खरे मोल.

तथापि ज्याचे नाव लिहायचे, त्याच्या हाती लेखणी नव्हती. मालकाने वर्गणी बुडवल्यास कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कलम ६८ ने महामंडळाला दिली. पण ज्याचे नाव मुळात कुठेच लिहिलेले नाही, त्याने आपण कामावर होतो हे आजारी अंगाने कसे सिद्ध करावे? कायद्याने हक्क दिला. त्याचा पुरावा मात्र मालकाच्या कपाटातच राहिला.