वेंगुर्ल्याचे खडक आणि पाकोळ्यांची घरटी

ठाण्याच्या खाडीत दरवर्षी उतरणारे रोहित पक्षी वाशी-ऐरोलीच्या रहिवाशांच्या इतके अंगवळणी पडले आहेत, आणि २०१५ साली त्या खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाल्यापासून नवी मुंबईला त्यांचा इतका अभिमान वाटू लागला आहे, की हे पाहुणे आपल्या दारी जेवतात खरे, पण अंडी घालावयास कच्छच्या रणाचा रस्ता धरतात, याचा सहसा कोणास आठव राहत नाही. समुद्रपक्ष्यांचे खरेखुरे माहेर पाहावयाचे, तर खाडीकाठ सोडून दक्षिण कोकणात जावे लागते.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून चार-पाच कोसांवर उघड्या समुद्रात काही ओसाड खडक उभे आहेत. इंग्रजी नकाशांनी त्यांतल्या एका भागाला ‘जळके बेट’ म्हटले. स्थानिक लोक त्यास बंदारा म्हणतात. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांच्या अंमलाखाली गेले. पण वखारींच्या हिशेबाशी आणि जकातीच्या दप्तरांशी या खडकांवरच्या पाखरांना काय कर्तव्य? त्यांची दखल घेतली ती पक्षिशास्त्राचे वेड लागलेल्या साहेबलोकांनी. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ॲलन ह्यूम १८७५ च्या आरंभी लक्षद्वीपच्या सफरीत या खडकांवर उतरले. १८८० मध्ये मुलकी खात्यातील व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. संग्रहाची हाव आणि ज्ञानाची तहान यांची सीमारेषा त्या काळी धूसरच होती, हेही सांगून टाकावे. १९४० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्या यांचे जे निरीक्षण नोंदवले, ते मात्र आजही आधारभूत मानावे इतके साक्षेपी आहे.

सुरय उन्हाळ्याअखेरीस येथे येतात. तुरेवाले सुरय उघड्या कातळावर दाटीवाटीने अंडी घालतात. त्यांचे दुसरे भाऊबंद शिळांच्या कपारीत एकेकच अंडे जपतात. त्याच सुमारास दर्या खवळू लागतो, गाबित मच्छीमारांची होडकी किनाऱ्यावर ओढली जातात, आणि कोणत्याही सरकारी हुकमाविना बेटाभोवती पहारा बसतो. पाकोळीचे दैव निराळे. तिच्या विणीचा हंगाम वसंतातला, म्हणजे समुद्र निवांत आणि होडी कोठेही लावता येईल असा. काळोख्या गुहेच्या भिंतीस ती आपल्या लाळेने अर्ध्या वाटीएवढे घरटे चिकटवते, त्यात शेवाळ आणि पिसे गुंतवते, आणि तोंडाने टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते. त्या वाळलेल्या लाळेचे सार चिनी पंक्तीत मोठ्या मानाचे. म्हणून घरटे हा व्यापाराचा माल झाला. घरटे ओरबाडले की पाकोळी दुसरे बांधावयास घेते, हे काढणाऱ्यांना पुरते ठाऊक असते, आणि तिच्या चिकाटीचाच ते नफा करून घेतात.

स्वातंत्र्यानंतर वन्यजीवांचा १९७२ चा कायदा आला, पण कायदा गुहेत उतरत नसतो. २००१ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, येथील घरट्यांची चोरी उघडकीस आणली. वनखात्यास जागे केले, आणि पाकोळीला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळावे म्हणून पाठपुरावा केला. ते स्थान तिला पुढे लाभले. मला यात विशेष वाटते ते हे, की ही मंडळी किनाऱ्यावरच्या लोकांना सोडून बेटावर गेली नाहीत. तेथे कोण होडी लावतो, हे किनाऱ्यावरल्या निवती गावच्या नाखव्याला जितके लवकर कळते, तितके कोणत्याही कचेरीला कळत नाही.

वैशाख सरतो, निवतीच्या पुळणीवर होडकी झापांखाली झाकली जातात, आणि तोवर गुहेतल्या यंदाच्या घरट्यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.