फ्रूट सॅलड, फ्रीजर आणि खान्देशचं केळं

फ्रूट सॅलड म्हटलं की आपल्याकडे एक ठराविक चित्र डोळ्यासमोर येतं. स्टीलचं मोठं पातेलं, पिवळसर कस्टर्ड, त्यात सफरचंदाचे तुकडे, थोडी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे आणि तळाशी भरपूर केळी. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी लग्नांत पुरीबरोबर हेच असायचं. आता पुण्या-मुंबईच्या सुपरमार्केटात फ्रीजरचं दार उघडलं की आंबा, अननस, पपई, सीताफळ... सगळं गोठवलेलं, सोललेलं, कापलेलं पिशवीत मिळतं. रविवारी पाहुणे येणार म्हटल्यावर पिशवी फोडायची, दूध ओतायचं, झालं!

मी मूळचा जळगावकडचा. त्यामुळे या पिशव्या बघितल्या की मला फळांआधी वेळाचा विचार सुचतो. आंबा मे महिन्यातला, सीताफळ ऑक्टोबरमधलं, आणि खातोय आपण फेब्रुवारीत. म्हणजे कोणीतरी त्या फळाला 'थांब' म्हटलं आणि ते थांबलं. ही थांबवण्याची युक्ती आली कुठून, आणि तिचा फायदा नेमका कोणाला झाला? आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात पातेल्यापासून करू. दुधात केळं कुस्करून शिकरण करणं हे आपल्याकडे जुनंच. दूध आणि फळ एकत्र खाऊ नये असं आयुर्वेद सांगतो, पण शिकरणीपुढे कोणाचं काही चाललं नाही :) कस्टर्ड मात्र बाहेरून आलं. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने अंडं न घालता, मक्याच्या पिठावर घट्ट होणारं कस्टर्ड बनवलं. कारण काय, तर त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं! बायकोसाठी केलेली ही सोय शाकाहारी स्वयंपाकघरांना आयतीच मिळाली. पुढे १९५६ साली पुण्यात वीकफील्ड सुरू झाली आणि कस्टर्ड पावडरचा डबा मध्यमवर्गीय फडताळात जाऊन बसला. शिकरणीचं फ्रूट सॅलड झालं. पण आत मुख्य माल तोच राहिला, केळं. कारण ते बाराही महिने मिळतं, स्वस्त असतं आणि त्याला बिया नसतात.

केळं स्वस्त का असतं? खरी गोष्ट इथून सुरू होते.

जळगाव जिल्ह्यातले रावेर, यावल, चोपडा हे तालुके म्हणजे सातपुडा आणि तापी यांच्या मधला पट्टा. इथे केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली ती मृगबाग आणि पावसाळा सरता सरता लावली ती कांदेबाग. घड हिरवा असतानाच कापतात आणि तो गावोगावी जाऊन पिकतो. केळं पिकायला लागलं की स्वतःच इथिलीन वायू सोडतं, त्या वायूने आणखी पिकतं आणि शेजारच्या केळ्यालाही पिकवतं. एकदा ही साखळी सुरू झाली की संपलं. गहू कोठीत ठेवता येतो, कापूस घरात रचून भाव वाढायची वाट बघता येते (खान्देशातल्या कापूस उत्पादकांना हे वाट बघणं चांगलं माहीत आहे!). केळीच्या बाबतीत घड तयार झाला की तो कापावाच लागतो, आणि कापला की त्याच दिवशी गाडीत गेला पाहिजे. व्यापारी दोन दिवस आला नाही तर नुकसान शेतकऱ्याचं.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही बफर नसलेली सिस्टीम आहे. एका बाजूने माल येतोच आहे, दुसऱ्या बाजूने उचल थांबली की मधे साठवायला जागाच नाही. अशा सिस्टीममध्ये भाव कोण ठरवणार? अर्थातच ज्याला घाई नाही तो.

या घाईवर उपाय शोधायचे प्रयत्न जळगावात जुने आहेत. केळं टिकत नाही ना, मग त्याची पावडर करा, असा एक विचार होता आणि तसा एक कारखानाही होता. तो काही नीट चालला नाही. १९७८ साली हा डबघाईला आलेला कारखाना भवरलाल जैन यांनी सुमारे ३० लाखांना घेतला. हे तेच जैन, ज्यांनी १९६३ मध्ये ७ हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली होती. त्यांनी केळ्याची पावडर बंद करून तिथे पपईच्या चिकापासून पपेन शुद्ध करायला घेतलं. पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. कच्च्या पपईला चिरा पाडून तो चीक गोळा करतात. औषधांपासून मांस मऊ करण्यापर्यंत त्याला जगभर मागणी. म्हणजे केळं थांबवायला काढलेला कारखाना शेवटी चालला तो पपईवर! या पपेनची गाठ आपल्या फ्रूट सॅलडशीही आहे. ती शेवटी सांगतो.

आता जरा दूर, कॅनडाच्या लॅब्राडॉरमध्ये जाऊ, कारण गोठवलेल्या फोडीचा उगम तिथला आहे. १९१२ नंतर क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन तिथे राहत होता. तिथले इनुइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा पकडला की तो बघता बघता गोठायचा, आणि काही महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. बर्ड्सआयच्या लक्षात आलं की मुद्दा नुसत्या थंडीचा नाही, वेगाचा आहे. सावकाश गोठवलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. या एका निरीक्षणावर त्याने यंत्रं बनवली, १९२९ मध्ये धंदा २ कोटी २० लाख डॉलरना विकला, आणि १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत गोठवलेल्या पाकिटांची विक्री सुरू झाली. पुढे साठच्या दशकात थंड हवेच्या झोतावर मटार उडवत एकेक दाणा सुटा गोठवण्याचं तंत्र आलं. त्याच पद्धतीला आज आयक्यूएफ म्हणतात. आपल्या पिशवीतल्या आंब्याच्या फोडी एकमेकींना चिकटत नाहीत त्या यामुळे.

हे तंत्र जळगावातही आलं. नव्वदच्या दशकात जैन समूह फळप्रक्रियेत उतरला. आंब्याचा पल्प, केळ्याची प्युरी आणि पुढे आयक्यूएफ फोडी असा माल तिथून परदेशी जायला लागला. २००७ पर्यंत ताज्या भारतीय आंब्याला अमेरिकेत प्रवेशच नव्हता. त्या वर्षी लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला आंबा पहिल्यांदा तिकडे गेला. तोवर न्यू जर्सीतल्या मराठी घरातला देशी आंबा म्हणजे डबाबंद किंवा गोठवलेलाच. तिथल्या फ्रूट सॅलडने फ्रीजरशी सोयरीक आपल्या कितीतरी आधी केली ती अशी.

एवढं ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. केळंही गोठवा आणि ठेवा! गंमत इथेच आहे. केळं आणि थंडी यांचं जमत नाही. साधारण १३ अंशांच्या खाली नेलं की सालीवर काळपट डाग पडतात आणि ते नीट पिकतही नाही. (म्हणूनच घरच्या फ्रीजमध्ये केळी ठेवू नका असं आई सांगते.) शेतात उभ्या पिकालाही हा त्रास होतो. केळीच्या फळपीक विम्यात कमी तापमानाची नोंद स्वतंत्र आहे ती त्यासाठीच. सोलून, काप करून गोठवता येतं, पण वितळल्यावर ते लिबलिबीत होतं. स्मूदीला उत्तम, सॅलडला नाही. म्हणजे आंब्याला जो फ्रीजर वाचवतो तो केळ्याला फार तर प्युरीच्या वाटेने वाचवतो. आणि प्युरीच्या कारखान्यातही भाव ठरवणारा कारखानाच असतो.

केळ्याला हवं असतं ते गोठवणं नव्हे, नेमकं १३-१४ अंशांचं थंड राहणं. तेवढं मिळालं तर हिरवं केळं तीन-चार आठवडे थांबतं. अमेरिकेतल्या युनायटेड फ्रूट कंपनीने १८९९ नंतर हे अचूक ओळखलं. तिच्याकडे मध्य अमेरिकेतल्या बागा होत्या, रेल्वे होती आणि वर थंड जहाजांचा ताफाही होता. केळं थांबवायची ताकद एकाच कंपनीच्या हातात गेली आणि त्या जोरावर तिने सरकारांनाही वाकवलं. 'बनाना रिपब्लिक' हा शब्दप्रयोग त्याच काळातला. दुसरीकडे, जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश भारत, पण निर्यातीत पहिला इक्वेडोर. फरक मातीत फारसा नाही, थंड साखळीत आहे.

खान्देशातही चित्र हळूहळू बदलतंय. ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आली, ठिबक आलं, आणि पूर्वी दीड वर्षाच्या आसपास चालणारं पीक साधारण वर्षभरात निघायला लागलं. सावद्याला पणन मंडळाचं केळी निर्यात सुविधा केंद्र उभं राहिलं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी त्या मानांकनासह दुबईला गेली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपासून शहाद्यापर्यंत पपईचा पट्टा आहे, त्याचीही अडचण हीच. पपई तर केळीपेक्षा नाजूक, आणि भावावरून तिथे वाद होतच असतात. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की थंड खोली कोणाच्या मालकीची. ती गावच्या सोसायटीची असेल तर शेतकरी चार दिवस 'नाही' म्हणू शकतो. ती फक्त खरेदीदाराची असेल तर फळ थांबतं, शेतकरी मात्र पूर्वीइतकाच घाईत राहतो. तंत्रज्ञान तेच, पण बफर कोणाच्या बाजूला बसवला यावर सगळं अवलंबून.

असो. आता पपेनची गाठ, म्हणजेच फ्रूट सॅलडची कृती :)

गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, फक्त झोपतं. फोडी वितळल्या की पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन जागं होतं आणि दुधातली प्रथिनं तोडायला लागतं. दूध कडू होतं, अननस असेल तर फाटतंही. म्हणून अननस घालायचाच तर डब्यातला घ्या, तो तापवलेला असल्यामुळे निरुपद्रवी असतो. गोठवलेली पपई अगदी वाढायच्या वेळी घाला. आंबा आणि सीताफळ आधी घातलं तरी चालतं. कस्टर्ड पूर्ण गार करून घ्या आणि फोडी अर्धवट वितळलेल्या असतानाच मिसळा, म्हणजे सुटणारं पाणी कमी राहतं.

आणि केळं? ते पिशवीतलं नकोच. कोपऱ्यावरच्या गाडीवरून डझनभर आणा, वाढायच्या आधी पाच मिनिटं कापा, काळं पडू नये म्हणून दोन थेंब लिंबू पिळा. फ्रूट सॅलडमधल्या बाकी सगळ्या फळांना आता थांबता येतं. केळ्याला अजून येत नाही, आणि ते पिकवणाऱ्यालाही.