धाव आणि उपजीविका : ललिता बाबर यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

हिंदमाता, परळ, लालबाग या परिसराचा सामाजिक इतिहास हा मुख्यतः स्थलांतरितांचा इतिहास आहे. कोकणाप्रमाणेच घाटावरून, विशेषतः सातारा जिल्ह्यातून आलेल्या माणसांनी येथील गिरण्या चालविल्या. १९८२ च्या संपानंतर तो मार्ग हळूहळू बंद झाला. त्याच जिल्ह्यातील माण या अवर्षणग्रस्त तालुक्यात, मोही गावच्या शेतकरी कुटुंबात, २ जून १९८९ रोजी ललिता बाबर यांचा जन्म झाला. त्यांनाही मुंबईनेच नाव मिळवून दिले, मात्र गिरणीच्या भोंग्यावर नव्हे, तर रस्त्यावरील धावेवर. धावणे हा व्यवसाय होऊ शकतो काय, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठविण्याची खटपट सुरू झाली. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ देऊन एकोणिसावे आले. ज्यांना पहिल्यांदा बूट घालून धावणे शिकावे लागले, त्यांच्या दृष्टीने ही कामगिरी लहान नव्हे. परंतु तो काळ हौशी खेळाडूंच्या नियमांचा होता. धावून पैसा घेणाऱ्याला ऑलिंपिकचे दार बंद असे. ज्याचे पोट भरलेले, त्यालाच हौस परवडते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. १९८० च्या दशकात ही बंधने सैल झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या नावातील ‘हौशी’ हा शब्द मात्र २००१ मध्ये वगळला.

यानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी २००४ मध्ये, मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. या शर्यतीत भारतीय धावपटूंसाठी स्वतंत्र गट व स्वतंत्र बक्षिसे ठेवली गेली. माहीम–दादर–वरळीच्या रस्त्यावर देशातील धावपटूला प्रथमच दरवर्षी निश्चितपणे मिळू शकणारी कमाई दिसू लागली. बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिला गटात पहिले स्थान मिळविले.

येथेच त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा निर्णय येतो. बक्षीस हाती येत होते. आंतरराष्ट्रीय पदक मात्र मॅरेथॉनमधून दृष्टिपथात नव्हते. तिसऱ्या विजयानंतर त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या असलेली ही शर्यत सुमारे साडेनऊ मिनिटांत संपते. सव्वाबेचाळीस किलोमीटरच्या धावेची सवय झालेल्या शरीराला ती सर्वस्वी परकी. तरीही त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ९:३५.३७ या राष्ट्रीय विक्रमी वेळेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. २०१५ मध्ये वुहान येथे त्या आशियाई विजेत्या ठरल्या. विशेष म्हणजे, मॅरेथॉनमधील त्यांची सर्वोत्तम वेळ, २:३८:२१, ही जिंकलेल्या तीन शर्यतींपैकी एकीतही नोंदली गेली नाही. जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशा यांच्या मागे दुसऱ्या येताना त्यांनी ती दिली. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ मधील पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमधील वैयक्तिक ट्रॅक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि अंतिम शर्यतीत दहाव्या आल्या. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

या सर्व काळात नियमित आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. बक्षिसाचा धनादेश एका सकाळचा असतो, पगार दरमहा येतो. दुखापत झालेल्या महिन्यातही येतो. म्हणून ‘व्यावसायिक धावपटू’ ही संज्ञा भारतात काहीशी फसवी ठरते. नियमांनी हौशीपणा संपविला, तरी धावपटूचा संसार रेल्वे, सैन्यदल व पोलीस यांच्या भरतीवरच उभा राहिला. बाबर यांनाही पुढे महाराष्ट्र शासनाने उपजिल्हाधिकारीपदी नेमले. त्यांचा रिओतील विक्रम पारुल चौधरी यांनी २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे ९:१५.३१ अशी वेळ देऊन मोडला. तोवर बाबर शासकीय सेवेत रुजू झालेल्या होत्या.