हिस्टामीन व जठरग्रंथी

हिस्टिडीन या ॲमिनो अम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेल्यावर तयार होणारे जैव अमाइन म्हणजे हिस्टामीन. ॲड्रेनॅलीन, डोपामीन व सेरोटोनीन ही याच वर्गातील इतर संयुगे होत. केशवाहिन्या विस्फारणे, श्वासनलिकांचे स्नायू आकुंचित करणे व जठरग्रंथींकडून अम्ल स्रवविणे, हे हिस्टामिनाचे प्रमुख परिणाम आहेत. यांपैकी तिसऱ्या परिणामाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कारण तो प्रयोगाने सिद्ध झाल्यावरही सुमारे ६० वर्षे त्याचा पचनज व्रणाच्या (जठरातील व ग्रहणीतील व्रणाच्या) रुग्णांना काहीच उपयोग झाला नाही.

हिस्टामीन १९०७ मध्ये प्रयोगशाळेत संश्लेषित करण्यात आले. १९१० मध्ये हेन्री डेल व जॉर्ज बार्जर यांनी ते अर्गट या कवकापासून वेगळे केले. पोलिश शरीरक्रियावैज्ञानिक लेऑन पोपिएल्स्की यांनी १९१६ मध्ये कुत्र्याला हिस्टामीन टोचले, तेव्हा जठररसाचा अक्षरशः लोंढा वाहू लागला. प्राणेशा तंत्रिका छेदल्या, तरीही हा परिणाम टिकून राहिला. म्हणजेच हिस्टामिनाची क्रिया या तंत्रिकांवर अवलंबून नव्हती. युद्धकाळामुळे हे निष्कर्ष १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि ही क्रिया औषधिवैज्ञानिक कुतूहलाचा विषय मानली गेली. जॉन एडकिन्झ यांनी १९०५ मध्ये वर्णिलेले गॅस्ट्रीन हे हॉर्मोन म्हणजे हिस्टामीनच होय, असे काही काळ समजले जात होते. परंतु १९३८ मध्ये सायमन कोमारोव्ह यांनी हिस्टामीनरहित गॅस्ट्रीन अर्क तयार केला आणि पारडे उलट दिशेला झुकले. दुसरे कारण अधिक वजनदार वाटत होते. दान्येल बोव्हे व त्यांचे सहकारी यांच्या १९३७ पासूनच्या संशोधनातून निघालेली हिस्टामीनरोधी औषधे शीतपित्त व परागज्वर यांवर गुणकारी ठरली. जठरातील अम्लस्रवण मात्र त्यांनी तसूभरही कमी झाले नाही. यावरून जठरग्रंथींच्या नैसर्गिक कार्यात हिस्टामिनाला स्थान नसावे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

हा निष्कर्ष घाईचा होता. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक ए. डब्ल्यू. के यांनी १९५३ मध्ये जठराची अम्लनिर्मितिक्षमता मोजण्याची एक कसोटी रूढ केली. तीत रुग्णाला आधी हिस्टामीनरोधी औषध व नंतर हिस्टामिनाची मोठी मात्रा देत. त्यामुळे इतर उपद्रव टळत आणि अम्ल मात्र भरपूर स्रवे. एकाच अमाइनाचे दोन परिणाम परस्परांपासून वेगळे करता येतात, याचा पुरावा अशा रीतीने रुग्णालयांतून नित्य मिळत होता. पण ते केवळ मापनाचे साधन मानले गेले.

हिस्टामिनाचे ग्राही (ज्यांना चिकटून ते कोशिकांवर क्रिया करते असे रेणू) दोन प्रकारचे असावेत, हे गृहीत धरून जेम्स ब्लॅक यांनी १९६४ पासून एका औषधनिर्मिती संस्थेच्या ब्रिटनमधील प्रयोगशाळेत संशोधन केले. हृदयावरील ॲड्रेनॅलिनाची क्रिया रोखणारे प्रोप्रॅनोलॉल त्यांनी अशाच विचाराने त्यापूर्वी शोधले होते. शेकडो संयुगे तपासल्यावर १९७२ मध्ये ब्युरिमामाइडामुळे दुसऱ्या ग्राहीचे (एच-२) अस्तित्व सिद्ध झाले. ते तोंडावाटे पुरेसे परिणामकारक नव्हते; पुढचे मेटिआमाइड प्रभावी निघाले, पण काही रुग्णांच्या रक्तातील श्वेत कोशिका धोकादायक रीत्या घटल्याने ते सोडून द्यावे लागले. त्याच्या रेणूतील गंधकयुक्त गट बदलून सिमेटिडीन तयार करण्यात आले व १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. तोवर चिवट व्रणासाठी जठराचा भाग काढून टाकणे किंवा प्राणेशा तंत्रिका छेदणे, हे उपाय करावे लागत; या शस्त्रक्रियांचे प्रमाण नंतर झपाट्याने घटले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गॅस्ट्रीन आणि हिस्टामीन यांचा वादही पुढे मिटला. गॅस्ट्रीन जठरातील विशिष्ट कोशिकांतून हिस्टामीन मुक्त करविते व ते शेजारच्या अम्लजनक कोशिकांना चेतविते. दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. मात्र सिमेटिडीन थांबविताच पुष्कळ रुग्णांचे व्रण पुन्हा उद्‌भवत. या त्रुटीचे कारण हिस्टामिनात नव्हते. पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये रुग्णांच्या जठरातील सूक्ष्मजंतू (हेलिकोबॅक्टर पायलोरी) प्रयोगशाळेत वाढविण्यात यश मिळविले आणि व्रणांच्या उपचारांत प्रतिजैविकांचा प्रवेश झाला.